ब्लोअर बंद पडला म्हणजे गॅस संपला असं नसतं

पांढरकवड्याजवळच्या एका भावानं विचारलंय: २०१४ ची पेट्रोल वॅगनआर आहे. मागच्या उन्हाळ्यात एसीचा ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डच्या जाळीतून हवा फेकणारा पंखा, फक्त ४ नंबरवर चालायला लागला, १, २, ३ वर काहीच नाही. दिवाळीनंतर ४ नंबरही अधूनमधून दगा द्यायला लागला. डाव्या बाजूनं डॅशबोर्डच्या खाली बुक्की मारली की सुरू व्हायचा. आता साफ बंद. गॅरेजवाला म्हणतो एसीचा गॅस कमी दिसतोय, भरून पाहू, नाहीतर अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल. मोटर घरी बदलता येते का? हीटरची मोटर वेगळी असते का? आणि नवी टाकली तर टिकेल का?

भाऊ, घरी बदलता येते. डॅशबोर्ड खोलायचं काम नाही, आणि गॅसचा तर इथं काही संबंधच नाही. गॅस कमी झाला तर जाळीतून हवा येते, पण ती गार नसते. तुमच्याकडे हवाच येत नाही. मग गॅसचा संशय गॅरेजवाल्याला आला कुठून, हे समजून घ्या, म्हणजे त्याच्याशी वाद न घालता बोलता येईल. स्विच ४ वर आहे, एसीचं बटण दाबलंय, पण मोटर मेलेली आहे. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, लागतो, डॅशबोर्डातला इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा गार करणारी जाळी, गार होतो, पण त्याच्यावरून हवाच जात नसल्यामुळं तो लगेच बर्फ धरायच्या बेताला येतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. थोड्या वेळानं परत लागतो, परत सुटतो. बोनेट उघडून पाहणाऱ्याला कॉम्प्रेसर खटखट लागताना-सुटताना दिसतो, आणि कमी गॅसचं लक्षणही हेच. गॅसचा दाब मोजायचा गेज लावला तरी लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, काटा खालीच दिसणार, कारण इव्हॅपोरेटरला उष्णताच मिळत नाहीये. या अवस्थेत कोणी गॅस भरला तर तो जास्त होईल, आणि मोटर बसवल्यावर खरा एसी बिघडेल. म्हणून आधी ब्लोअर, मग गेज. मोटर बदलताना गॅसच्या नळीला हातही लागत नाही.

हीटरची मोटर वेगळी नसते. इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डातल्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, तोच हीटर. एकच पंखा हवा ढकलतो. ती गार जाळीवरून जाऊन सरळ बाहेर यायची की मधे गरम जाळीवरून जायची, हे एक झडप ठरवते. आपल्याकडे हीटर वापरतो कोण, असं वाटेल, पण पावसाळ्यात काचेवर साचलेली वाफ घालवायला हाच ब्लोअर लागतो. आणि घाटात किंवा मे महिन्यात इंजिन तापायला लागलं तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर ४ वर, काचा खाली, हा जो जुना इलाज आहे, तोही ब्लोअर नसेल तर करता येत नाही.

आता तुमच्या गाडीची कुंडली. ती तुमच्याच प्रश्नात लिहिलेली आहे. चार स्पीडच्या मॅन्युअल ब्लोअरमध्ये १, २ आणि ३ नंबरला करंट रेझिस्टरमधून जातो, म्हणजे करंट कमी करणाऱ्या, शेगडीच्या तारेसारख्या वेटोळ्यांमधून किंवा एका छोट्या पट्टीतून. ४ नंबरला रेझिस्टर बाजूला राहतो आणि मोटरला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. फक्त ४ चालतो म्हणजे रेझिस्टर गेला, किंवा त्याच्यावरचा थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की तुटणारा फ्यूज, तुटला. इथपर्यंत कोणीही सांगेल. पण रेझिस्टर उगाच जात नाही. मोटरचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या बाह्या, कोरडे पडले, पंखा जड फिरायला लागला, की मोटर जास्त करंट ओढते. त्या करंटनं रेझिस्टर तापतो आणि तुटतो. मागच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे हेच झालं असणार. तेव्हा ४ नंबरवर भागतंय म्हणून कोणी खोलात गेलं नाही, आणि वर्षभर मोटर पूर्ण करंटवर धावत राहिली. बुक्की मारल्यावर चालू होणं हे मोटरच्या आतले कार्बन ब्रश संपल्याचं लक्षण. म्हणजे तुम्हाला दोन वस्तू लागणार: मोटर आणि रेझिस्टर. नुसती मोटर आणली तर परत ४ नंबरच चालेल, आणि तुम्हाला वाटेल दुकानदारानं फसवलं.

तरीही पैसे खर्च करायच्या आधी तपासून घ्या. मोटर काढणं हे पाऊण तासाचं काम आहे. मोटरच गेलीय हे नक्की करणं, यातच खरी मेख आहे.

पहिल्यांदा फ्यूज. एक फ्यूजबॉक्स चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली आणि एक बोनेटमध्ये असतो; झाकणावर हीटरचं किंवा पंख्याचं चिन्ह शोधा. ब्लोअरचा फ्यूज मोठा असतो. पातीच्या फ्यूजमध्ये ३० अँपिअरचा हिरवा, २५ चा पांढरा पारदर्शक, २० चा पिवळा, १५ चा निळा. जो आकडा लिहिलाय तोच टाका. जळलेल्या फ्यूजवर तार गुंडाळून किंवा मोठा फ्यूज ठोकून गाडी सोडायची सवय आपल्याकडे घराघरात आहे. ट्रॅक्टरवर ती खपून जाते, ब्लोअरच्या लाइनवर नाही. ही लाइन प्लॅस्टिकच्या डब्याजवळून जाते आणि त्या डब्यात काय काय भरलेलं असतं ते पुढं सांगतोच.

मग कनेक्टरवर बल्ब लावून पाहा. मल्टिमीटर असेल तर त्याचा अँपिअरचा रेंज इथं वापरू नका. साधा मीटर १० अँपिअरपर्यंत मोजतो आणि छोट्या गाडीचा ब्लोअर ४ नंबरवर त्यापेक्षा सहज जास्त ओढतो. मीटरचाच फ्यूज उडेल. व्होल्टचा रेंजही कधीकधी खोटं बोलतो: कनेक्टरची पिन काळी पडलेली असली तरी बिनलोडचा मीटर इमानेइतबारे १२ व्होल्ट दाखवतो, आणि मोटर जोडली की ते व्होल्ट गायब. म्हणून जुना हेडलाइटचा बल्ब घ्या, ज्याची एक तार शाबूत आहे असा. ५५-६० वॅटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर ओढतो, म्हणजे लोड खरा पडतो. मोटरचा कनेक्टर काढा, किल्ली ऑनवर करा, इंजिन सुरू करायची गरज नाही, आणि बल्ब कनेक्टरच्या दोन पिनांच्या मधे लावा. एक टोक पिनेला आणि दुसरं बॉडीला, असं करू नका. बऱ्याच गाड्यांत मोटरला पॉझिटिव्ह कायम मिळतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. बॉडीला धरून तपासलं तर स्विच बंद असतानाही बल्ब पेटतो आणि माणूस चक्रावतो.

आता स्विच १ पासून ४ पर्यंत फिरवा. ४ वर बल्ब लख्ख पेटला तर फ्यूज, रिले, स्विच, तारा सगळं ठीक, मोटर मेली. १, २, ३ वर अजिबात पेटला नाही तर रेझिस्टरही गेला. सगळं ठीक असेल तर १ वर मंद, आणि मग चढत चढत ४ पर्यंत लख्ख व्हायला हवा. तुमच्याकडे पहिली दोन्ही लक्षणं दिसतील असं मला वाटतं. ४ वरही पेटला नाही तर मोटर सोडा. रिले, स्विच आणि अर्थ तपासा. बल्ब हातात धरू नका, क्षणात चटका देतो, आणि गाडीच्या फोमला टेकवूही नका.

आता थोडं आपल्या भागाबद्दल, कारण नवी मोटर टिकेल का या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. वणी-घुग्गुसच्या बाजूला कोळशाची काळी भुकटी, हिंगणघाट-पांढरकवड्याच्या बाजूला जिनिंगची रुई, आणि सगळीकडे पांदणरस्त्याचा फुफाटा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कापूस आणि तूर घरी यायचा हंगाम. मागच्या सीटवर गाठोडं टाकून आणलं की तंतू आणि कुटार गाडीभर होतं. एसीला आपण हवा आतल्या आत फिरवायच्या बटणावर ठेवतो. ते बरोबरच आहे, बाहेरचा फुफाटा तरी येत नाही. पण मग तीच आतली रुई आणि पायपुसणीवरची माती ब्लोअर ओढत राहतो. त्याची तोंडं ग्लोव्हबॉक्सच्या मागं, पायांच्या जवळच आहेत. आणि या गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये केबिन फिल्टरचा कप्पा असतो पण फिल्टरच नसतो. लोक दहा वर्षं गाडी चालवतात आणि त्यांना हे माहीत नसतं.

फिल्टर जाम झाला की मोटरवर लोड येतो आणि मोटर जळते, असं सगळीकडे सांगितलं जातं. या जातीच्या पंख्याचं गणित उलटं आहे. लोहाराच्या भट्टीचा हातानं फिरवायचा पंखा पाहिला असेल. त्याचं तोंड हातानं बंद केलं की मूठ हलकी होते, जड नाही. हवा सरकत नसेल तर पंख्याला काम कमी पडतं, तो जोरात गुणगुणतो आणि करंट उलट कमी होतो. नुकसान दुसऱ्या वाटेनं होतं. रेझिस्टर हवेच्या वाटेत मुद्दाम बसवलेला असतो, त्याला गार करणारी हवा तीच. ती अडली की तो तापतो. मोटरला स्वतःला गार ठेवायची हवाही तिथूनच एका छोट्या नळीनं मिळते. आणि जी धूळ फिल्टरनं अडवली नाही ती मोटरच्या बुशमध्ये जाऊन तेल पिऊन टाकते. तेव्हा फिल्टर साफ ठेवायचा हे खरंच आहे, फक्त कारण सांगतात ते नाही.

वस्तू आणताना. तालुक्याला मिळाली नाही तर यवतमाळ नाहीतर नागपूर. जुनी मोटर काढून सोबत न्या, किंवा शेजारी पट्टी ठेवून फोटो काढून दुकानदाराला पाठवा. नुसतं वॅगनआर म्हणून चालत नाही. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षांना मोटर बदललेली असते. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: कनेक्टरचा आकार, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, पंख्याचा घेर आणि उंची, आणि हवेच्या नळीचं तोंड. मारुतीच्या बऱ्याच एसीचे भाग सुब्रोस कंपनी बनवते, तेव्हा जुन्या मोटरवर ते नाव आणि पार्ट नंबर दिसला तर तोच मागा. पंख्यासकट मोटर घ्या. नुसती मोटर स्वस्त पडते, पण जुना पंखा ओढून काढताना तडकतो, आणि नव्या शाफ्टवर तो थोडा वर-खाली बसला तरी घासतो किंवा थरथरतो. पंख्याच्या पात्यांवर एखादी छोटी पत्र्याची क्लिप दिसेल. ती समतोलाची आहे, कचरा समजून काढू नका. भंगारातली मोटर घ्यायची वेळ आली तर पंखा हातानं फिरवा: कुरकुर न करता फिरून अलगद थांबला पाहिजे, आणि शाफ्ट डावी-उजवीकडे हलता कामा नये.

जुन्या मोटरमध्ये नवे ब्रश टाकून देणारे कारागीर आहेत, आणि मोटर मिळतच नसेल तर तो मार्ग वाईट नाही. पण बुशही झिजलेले असतात. ब्रश नवे आणि बुश जुने, म्हणजे काही महिन्यांचा सौदा. घरातलं खोबरेल तेल तर अजिबात टाकू नका. ते धूळ धरून चिकट होतं, आणि कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश जिथं घासतात त्या तांब्याच्या गोलावर, उतरलं तर होता-नव्हता तो करंटही जातो.

कामाला बसा सकाळी, गोठ्याच्या नाहीतर झाडाच्या सावलीत. उन्हातल्या गाडीत डॅशबोर्डखाली डोकं घालून काम होत नाही. लागणारी हत्यारं थोडीच: १० चा पाना बॅटरीसाठी, फुलीचा स्क्रूड्रायव्हर, त्याचाच एक बुटका भाऊ, ८ चा सॉकेट छोट्या रॅचेटसह, आणि डोक्याला लावायचा टॉर्च. वावरात रात्रीच्या पाण्याला जाताना लावतो तोच चालेल.

बॅटरीची मायनस वायर काढा आणि दहा मिनिटं चहा घ्या. डावीकडच्या सीटला एअरबॅग असेल तर हे थांबणं सक्तीचं समजा, कारण तिच्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. नव्या मॉडेलच्या गाड्यांना डाव्या सीटची एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. तुमच्या २०१४ च्या गाडीत बहुतेक नसेल, पण डॅशबोर्डवर एअरबॅगचं चिन्ह आहे का पाहून घ्या. ग्लोव्हबॉक्सच्या वर पिवळ्या वेष्टणाची तार दिसली तर ती तशीच राहू द्या. तिच्यावर मल्टिमीटर लावायचा नाही, बल्ब तर नाहीच.

ग्लोव्हबॉक्स रिकामा करा. उघडल्यावर त्याच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की अडकण सुटते आणि तो खाली लोंबतो. मग बिजागरीतून ओढून काढता येतो. आत एक काळा गोल डबा दिसेल, गोगलगायीच्या शंखासारखा. मोटर त्याच्या पोटाला खालून बसवलेली असते. पायाच्या जागी पाठीवर झोपा, डोकं पेडलच्या बाजूला नको, दाराच्या बाजूला ठेवा. कनेक्टरची जीभ दाबून ओढा, तारा धरून ओढू नका. हवेची छोटी रबरी नळी असेल तर ती सोडवा. तीन स्क्रू असतात. दोन समोर, सुटतात. तिसरा मागच्या बाजूला, फायरवॉलकडे, म्हणजे इंजिनाकडच्या पत्र्याच्या भिंतीकडे, जिथं नजर पोचत नाही. तिथं बुटका स्क्रूड्रायव्हर किंवा रॅचेट बोटांनी चाचपून बसवावा लागतो. स्क्रूचं डोकं पूर्ण पकडल्याशिवाय पीळ देऊ नका, त्याची फुली झिजली तर मग खरंच डॅशबोर्ड खोलायची वेळ येईल. शेवटचा स्क्रू सुटताना दुसरा हात मोटरखाली ठेवा. काही गाड्यांत स्क्रू नसतात. खटका दाबून मोटर थोडी फिरवली की ती निसटते.

मोटर खाली आली की तोंडावर पडतं ते पाहून घाबरू नका. मी आपल्या भागातल्या ज्या गाड्या खोलतो, त्यांत पंख्याच्या पाकळ्यांमध्ये करड्या रंगाची एक नमदा बसलेली असते: रुई, केस, सोयाबीनचं कुटार, वाळलेली कडुलिंबाची पानं, सगळं एकमेकांत विणलेलं. गोठ्याजवळ उभी राहणाऱ्या गाडीत उंदराचं घर सापडतं. फोमचे तुकडे, तुरीच्या शेंगा, सीटखालच्या कापडाच्या चिंध्या, आणि मधोमध वायरच्या रंगीत सालींचे बारीक तुकडे. या साली दिसल्या की थांबा. तुमच्या गाडीतली कुठली तरी तार सोललेली आहे आणि ती सापडल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही.

उंदराचा माल कोरडा झाडू नका, फुंकू तर अजिबात नका. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात. हातमोजे, तोंडाला रुमाल नव्हे तर मास्क, त्यावर जंतुनाशकाचं पाणी शिंपडून, ओलं करून उचला आणि पुरून टाका. डबा आतून ओल्या फडक्यानं पुसा. रेझिस्टर त्याच डब्याच्या बाजूला दोन स्क्रूंवर असतो. तो आत्ताच बदला, कारण हात तिथंच आहे. जुन्या रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज तार जोडून थेट करून देणारे लोक आहेत, पैसे वाचतात म्हणून. रेझिस्टर हवेविना लाल होऊ शकतो, शेजारी प्लॅस्टिक आहे आणि आत कुटार. आग लागायला आणखी काय हवं?

रेझिस्टरच्या भोकातून टॉर्च मारून इव्हॅपोरेटर पाहा. त्याच्या पत्र्यांवर गादीसारखा थर असेल तर नवी मोटर लावूनही हवा कमीच येईल. मऊ ब्रशनं पत्र्यांच्या उभ्या दिशेनं झाडा, आणि बाजारात मिळतो तो इव्हॅपोरेटरचा फेस मारा. कॉम्प्रेसरचं हवेचं तोंड किंवा गाडी धुवायचा प्रेशर पंप त्याच्यावर धरू नका; पत्रे कागदासारखे वाकतात. पाणी बाहेर जाणारी नळी गाडीच्या खाली मोकळी आहे का तेही बघा, कारण ती तुंबली की पाणी आत डाव्या पायपुसणीवर येतं.

जुनी मोटर फेकायच्या आधी एकदा खोलून पाहा, पोरांनाही दाखवा. आत तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कम्युटेटर काळा पडलेला असेल, ब्रश घासून घासून त्याच्यावर खाच पडलेली असेल. ब्रश म्हणजे कार्बनचे दोन छोटे ठोकळे, मागं स्प्रिंग. ते झिजून इतके बुटके झालेले दिसतील की स्प्रिंग त्यांना तांब्यापर्यंत ढकलूच शकत नाही. तुमच्या बुक्कीनं ठोकळा थोडा पुढं सरकायचा आणि पंखा फिरायचा. कधीतरी ठोकळा संपणारच होता.

नवी मोटर बसवण्याआधी बाहेरच तपासा. बॅटरीवरून दोन तारा, पॉझिटिव्ह तारेत ३० चा फ्यूज, आणि मोटर पायाखाली घट्ट दाबून धरा, ती सुरू होताना हिसका देते. बोटं आणि लांब बाह्या पंख्यापासून लांब. आवाज एकसारखा असला पाहिजे. जुन्या मोटरचा पंखा कुठल्या दिशेनं फिरायचा ते पाकळ्यांच्या वाकण्यावरून कळतं. नवी तशीच फिरते का बघा. उलटी फिरली तरी या पंख्यातून हवा त्याच वाटेनं येते, पण अगदी मरगळलेली. हा घोळ पुष्कळदा होतो: कनेक्टर जुळला नाही म्हणून तारा कापून जोडल्या, उलट्या जोडल्या गेल्या, आणि मग हवा कमी येते म्हणून परत गॅसवर गाडी येते.

बसवताना काठावरची फोमची किंवा रबराची पट्टी जागेवर आहे ना ते पाहा. ती नसेल तर हवा गळते आणि शिट्टी वाजते. आधी मागचा अडचणीचा स्क्रू हातानं दोन आटे लावा, मग समोरचे, आणि मग तिन्ही थोडे थोडे आवळा. प्लॅस्टिकचे आटे आहेत, ताकद दाखवू नका. हवेची रबरी नळी लोक हमखास विसरतात. ती लोंबत राहिली तर मोटर चालते, छान चालते, आणि नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हात, एका लांबच्या प्रवासात तापून मरते.

कनेक्टरकडे नीट पाहा. पिनांभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, वितळलं असेल, तर त्यात नवी मोटर खोचू नका. ढिल्या पिनेतून पंधरा-सोळा अँपिअर गेले की ती तापते, तापली की आणखी ढिली होते. नवा कनेक्टर तारांसकट मिळतो. मूळ तारेइतक्याच जाडीची तार, पिना दाबून वर सोल्डरचा डाग, आणि त्यावर तापवून आवळणारी नळी. नुसता पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळली तर पुढच्या उन्हाळ्यात तोच वास येईल.

बॅटरी जोडा, ग्लोव्हबॉक्स लावायच्या आधी १ पासून ४ पर्यंत प्रत्येक नंबर ऐका. टिकटिक येत असेल तर एखादं पान आत राहिलंय. घरघर येत असेल तर मोटर तिरकी बसलीय. ४ वर दहा मिनिटं चालवून कनेक्टरला हात लावा: कोमट चालेल, धरवत नसेल तर पिनांचं काम अजून बाकी आहे. हवा आत फिरवायचा खटका पुढं-मागं करून झडपेचा आवाज ऐका.

एवढं करूनही हे काम सगळ्या गाड्यांना सारखं लागू नाही. तापमान आकड्यात लावायचा ऑटोमॅटिक एसी असेल तर तिथं साधा रेझिस्टर नसतो, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. बल्बची परीक्षा तिथं चालत नाही, ती गाडी जाणकाराकडे न्या. उंदरानं तारांचा जुडगाच खाल्ला असेल तरीही. आणि मोटर काढताना जळक्या वायरचा वास आला तर घरगुती काम तिथंच थांबवा.

टिकेल का म्हणाल, तर फिल्टरच्या कप्प्यात फिल्टर टाका. नसेलच तर काही गाड्यांत कप्प्याच्या तोंडाची प्लॅस्टिकची पट्टी कापावी लागते, ग्लोव्हबॉक्स काढलेलाच आहे तर आत्ताच करा. कापसाच्या हंगामात महिन्या-दोन महिन्यांनी तो काढून झटका, वर्षाला बदला. वायपरखालची जाळी उघडून तिथली लिंबाची पानं काढत जा, नाहीतर पावसाळ्यात तिथं साचलेलं पाणी बाहेरच्या हवेच्या तोंडातून थेट मोटरवर उतरतं. त्याच तोंडावर आतून बारीक लोखंडी जाळी लावली की उंदराची मुख्य वाट बंद होते. डासांची प्लॅस्टिकची जाळी लावू नका, ती त्यांचा नाश्ता. ढेपीची पोती आणि तुरीचा ढीग जिथं आहे तिथून गाडी थोडी लांब उभी करा, आणि आठवड्यातून एकदा तरी, थंडीतसुद्धा, ब्लोअर ४ वर पाच मिनिटं चालवा.